शुद्धलेखन

अस्तित्व. स-ला त.
गुरुजींनी छडी मारून शिकवलं होतं,
म्हणून फिर्यादीची नक्कल टाइप करताना
हवालदारानं जिथं जिथं 'अस्थित्व' लिहिलं
तिथं मी थ काढला, त घातला.
एकोणीस वर्षं. सोलापूर, जिल्हा न्यायालय, नक्कल विभाग,
खिडकीबाहेर रसवंतीचं घुंगरू.

वाक्य एकच असायचं:
"इसम नामे अमुक, राहणार सेटलमेंट,
रात्रौ दोन वाजून तीस मिनिटांनी
स्वतःचे अस्थित्व लपवून
अंधारात दबा धरून बसलेला मिळून आला."
नावं बदलायची. अंधार तोच.
अडीचच वाजलेले असायचे नेहमी,
जणू त्या वस्तीचं घड्याळ
कुणी जप्त करून मुद्देमालात ठेवलंय.

पुढं मला कोर्टात बसवलं, साहेबांच्या खाली.
तिथं ॲड. अंबिका माने आली.
सेटलमेंटचीच. आजोबा तारेच्या आत जन्मलेले,
दिवसातून तीनदा हजेरी.
तार निघाली, ती म्हणायची, हजेरी नाही निघाली.
तिचा पक्षकार रायभान काळे,
अक्कलकोट रोडच्या कारखान्यात मागांचा फिटर,
रात्रपाळी संपवून चालत निघालेला.
खिशात स्क्रूड्रायव्हर.
कागदावर: घरफोडीचे साहित्य.
ही बाविसावी वेळ.

त्याच पाळीतला नरसय्या बोल्ली साक्षीला उभा राहिला,
टॉवेलचा तंतू अजून भुवईवर.
"माज्याकडं तर पान्हा होता साहेब, हाताएवढा.
मला इचारलं, कुटं राहतोस. म्हणलं, दत्त नगर.
म्हणले, जा.
ह्यानं म्हणलं, सेटलमेंट."
मग तो गप्प झाला
आणि पान्हा केवढा होता ते हातानं दाखवत राहिला.

अंबिकानं अकरा वर्षांच्या नकला टेबलावर मांडल्या.
दोनशे सात. कलम तेच, वेळ तीच,
पंच तोच, कोर्टामागचा पानटपरीवाला.
आणि एकोणसाठ कागदांत चूकही तीच:
त-च्या जागी थ.
"सर, माणूस दिसला म्हणून वाक्य लिहिलेलं नाही.
वाक्य तयार होतं, त्यात माणूस बसवलाय."

सरकारी वकिलांनी चष्मा पुसला.
"आणि उरलेल्या एकशे अठ्ठेचाळीसांत शब्द बरोबर आहे.
म्हणजे वेगळे हात, स्वतंत्र निरीक्षण."

ते एकोणसाठ, झेरॉक्स मशीन आल्यानंतरचे.
एकशे अठ्ठेचाळीस माझे.
मूळ कागद मुदत संपून लगद्याला गेलेले.
माझी बोटं कळांवर होती.
पंखा फिरत होता. मी बोलू शकलो असतो.
टायपिस्टला शपथ देत नाहीत,
हे कारण मला तेव्हा पुरेसं वाटलं.

साहेब शांतपणे म्हणाले:
"आकडे शहराचे आहेत, आरोपी एक आहे.
याच आरोपीशी, त्याच रात्री, आकस होता
याचा पुरावा दाखवा."
अंबिकानं रायभानकडं पाहिलं.
तो उभा होता, भर दुपारी, ट्यूबलाइटखाली,
सगळ्यांना दिसेल असा.

अर्ज फेटाळला.

संध्याकाळी आदेश टाइप करायला घेतला.
तिसऱ्या परिच्छेदात फिर्यादीतलं वाक्य जसंच्या तसं.
त्या शब्दाशी आलो.
बोट सवयीनं त-कडं गेलं. मागं घेतलं.
अ. स्थि.
एवढी वर्षं त्यात अस्थी होती
आणि मी ती निवडून काढत होतो, भातातल्या खड्यासारखी.
थ ठेवला.

सकाळी पान परत आलं.
शब्दाभोवती लाल गोल, समासात साहेबांचं अक्षर:
शुद्धलेखन पहा.

मी दुरुस्त करून दिलं. सही झाली.
गोल केलेलं पान मात्र डब्याच्या पिशवीत आहे,
कडक भाकरीच्या फडक्याखाली.
अंबिकाचा नंबर माझ्याकडं आहे.
अजून लावलेला नाही.